बीलाही श्वास हवा

आमच्या सिंधुदुर्गात मिरग लागला की पहिल्या चार सरींतच परसातली तांबडी माती चिखल होते. त्या चिखलात टोचलेल्या भोपळ्याच्या कितीतरी बिया वर येतच नाहीत. उकरून पाहिलं तर टरफल शाबूत असतं. दाबलं की आतून आंबूस वासाचा चोथा बाहेर येतो. बी खोटी होती, असं सगळे म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. बी बहुतेकदा चांगलीच असते, ती गुदमरते.

रुजणारी बी श्वास घेते. मातीतल्या फटी पाण्याने भरल्या की तिला हवा मिळत नाही, कोंब अडतो आणि बुरशीचं फावतं. ऊबही तितकीच हवी. २५ ते ३० अंशांत भोपळा साधारण आठवड्यात वर येतो. गारठ्यात नुसता पडून राहतो आणि पडल्या पडल्या कुजतो.

म्हणून मी मिरगाच्या आधी, उकाडा असतानाच बी घरात रुजवते. साठवणीची बी सासूबाई शेणात कालवून भिंतीला थापून ठेवायच्या. मी राखेत ठेवते. त्याआधी बुळबुळीत गर पार धुऊन सावलीत कडक वाळवते, कारण चिकटलेल्या गरावरच बुरशी आधी धरते. रुजवायच्या वेळी ती रात्री कोमट पाण्यात भिजत घालायची, सकाळी निथळायची; त्याहून जास्त वेळ पाण्यात नको. मग सुती फडकं घट्ट पिळून त्यात एकेक बी सुटी ठेवायची. डब्याचं झाकण अर्धवट, आणि रोज उघडून पाहायचं.

मोड दिसला की फणसाच्या पानांच्या द्रोणात वाळू, माती, जुनं शेणखत भरून बी बोटाच्या पेराएवढी खोल, आडवी ठेवते. आडवी का, ते मी एकदा काचेच्या बरणीच्या कडेला बी लावून पाहिलं. कोंबाच्या बुडाशी छोटी खुंटी फुटते, ती टरफलाची खालची कड दाबून धरते आणि वर ताणणारा देठ दोन्ही दलं बाहेर ओढून काढतो. चार्ल्स डार्विनने १८८०च्या पुस्तकात या खुंटीचं बारकाईने वर्णन केलंय. एवढी तयारी घेऊन आलेली बी आपण पाण्यात कोंडून मारावी, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिलं खरं पान फुटलं की द्रोणासकट उंच आळ्यात लावते. भोपळ्याच्या मुळांना हलवलेलं सोसत नाही, आणि उंच आळ्यात पाणी साचत नाही.