वर्गणीचं पत्र

देऊळघाटात वर्गणी मागणाऱ्यांची वाण नाही. गणपती, सप्ताह, उरूस, कुणाचं ऑपरेशन. पावतीपुस्तक लांबून दिसलं की मी कॅमेरा पुसत दुकानाच्या आत सरकतो. पण २०१९च्या डिसेंबरात वर्गणीचं एक पत्र थेट अमेरिकेतून आलं, आणि ते मी दोनदा वाचलं.

मी फोटोग्राफर. लग्नं, बारशी, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो; करिष्मा अल्बमात नवरा-नवरीला स्वित्झर्लंडच्या बर्फात उभं करायचं, हा धंदा. स्वतःसाठी काढायचो ते फोटो वेगळे. पैनगंगेच्या डोहावरचे पक्षी, पोळ्याचे बैल, सोयाबीनच्या सुड्या. गिऱ्हाइकाला दाखवले तर म्हणायचं, "याच्यात माणूस कुठी हाय?"

आधी मी पॅनोरामिओवर होतो. तिथे टाकलेला फोटो गूगल अर्थच्या नकाशावर त्या-त्या जागी दिसायचा. बुलढाण्याच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी आमच्या गावावर नदीचा फोटो डकवला, तेव्हा उपग्रहाच्या त्या मातकट चित्रात देऊळघाट पहिल्यांदा गावासारखं वाटलं. २०१४मध्ये गूगलने ते बंद करायचं जाहीर केलं. जगभरच्या लोकांनी निवेदन काढलं, मीही नाव घातलं. बंद करणं लांबलं, टळलं मात्र नाही. ४ नोव्हेंबर २०१६नंतर तिथे नवा फोटो टाकता येईना, पुढे जुनेही दिसेनासे झाले. सही करायला पैसा लागत नाही आणि समोरच्यालाही हे माहीत असतं, एवढं मी त्यातून शिकलो.

मग फ्लिकर. तिथे माणसं भेटली. डोहावरच्या पक्ष्याला मी नुसतं 'खंड्या' लिहिलं होतं; नाशिकच्या एका बाईंनी खाली लिहिलं, हा कवड्या खंड्या, अंगावरचे काळे-पांढरे ठिपके पाहा. पोळ्याच्या बैलाखाली नेदरलँड्सच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, शिंगांना रंग कशासाठी? मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी बेगडापासून झुलीपर्यंत सगळं सांगितलं. पुढच्या पोळ्याला त्यानेच विचारलं, यंदाचे बैल कुठे? माझ्या फोटोची वाट पाहणारा हा पहिला माणूस. बाकीचे वाट पाहतात ती अल्बमची, आणि त्यातही घासाघीस.

फ्लिकर २००४मध्ये कॅनडात जन्मलं, पुढच्याच वर्षी याहूने विकत घेतलं आणि नंतर सावत्र पोरासारखं वाढवलं. २०१३मध्ये त्यांनी एक टेराबाइट जागा फुकट वाटली. फुकटाच्या वाटपाचं पुढे काय होतं ते रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला सांगायला नको. २०१८मध्ये ते स्मगमगकडे गेलं. मॅकअस्किल बाप-लेकांनी २००२मध्ये सुरू केलेली ही कंपनी. नव्या मालकांनी फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा घातली. वरचे जुने फोटो पुसले जाणार होते. तेव्हा मीही चिडलो होतो. माझे चौदाशेच्या वर होते.

आणि १९ डिसेंबर २०१९ला त्या लेकाचं, डॉन मॅकअस्किलचं, पत्र आलं. फ्लिकर लोकांचं लाडकं आहे, पण तोट्यात चाललंय. तुमची खासगी माहिती विकून आम्हाला ते चालवायचं नाही. तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी पैसे भरून 'प्रो' व्हा. सोबत पंचवीस टक्के सूट. हिशेब केला तर वर्षाचे अडीच-पावणेतीन हजार रुपये.

पत्र मी चहाच्या टपरीवर वाचून दाखवलं. टपरीवाले चाचा म्हणाले, "मंदिराले देतं, दर्ग्याले देतं, ते समजलं. कंपनीले काहून देऊन राह्यला?" प्रश्न बिनतोड होता. धंदा त्यांचा, नफा झाला तर तोही त्यांचाच. वर्गणी देणाऱ्याला गावात निदान हिशेब मागता येतो. फळ्यावर जमाखर्च लागला नाही तर गणपती मंडळाचं काय होतं ते आम्ही पाहिलंय. इथे कुणाला विचारणार?

तरी त्या आठवड्यात आमच्या पक्ष्यांच्या गटात रोज कुणीतरी लिहीत होतं, भरले. कुणी निवृत्त, कुणी विद्यार्थी. नाशिकच्या बाईंनी लिहिलं, वर्षभर एक साडी कमी. नेदरलँड्सच्या म्हाताऱ्याच्या नावापुढे 'प्रो' तर कधीचंच होतं. पॅनोरामिओच्या वेळी आम्ही नुसत्या सह्या केल्या होत्या. आता प्रत्येकजण खिशात हात घालत होता, तो फरक मला कळत होता.

मी भरायला बसलो तर माझं एटीएम कार्ड परदेशी व्यवहाराला चालेना. बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, "कशासाठी?" फोटो ठेवायला, म्हटलं. ते म्हणाले, "पेनड्राइव्ह घ्या ना." शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला. "मामा, ड्राइव्हवर टाका ना, फुकट आहे," तो म्हणाला. ड्राइव्हवर कवड्या खंड्या कोण सांगणार, हे त्याला समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग त्याने कार्ड वापरलं. एका साखरपुड्याच्या आगाऊ रकमेतून मी ते पैसे त्याला पाठवले. बायकोला हे अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांनी वर्षाचा दर पन्नासावरून साठ डॉलरवर नेला. चाचा हसले. मला ते खटकलं, आजही खटकतं. ज्याला हे परवडत नाही त्याचे हजाराच्या पुढचे फोटो कुठे जावेत, याचं उत्तर त्या पत्रात नव्हतं. पण फ्लिकर चालू आहे, आणि देऊळघाटचे माझे सगळे फोटो तिथे जसेच्या तसे आहेत. पोळ्याखालची टिप्पणीसुद्धा.

दर डिसेंबरात पुण्याला फोन जातो. कार्ड अजून भाच्याचंच आहे.