हायसं

'कोचिंग' हा शब्द ऐकला की माझ्यातली मास्तरीण अजूनही फणा काढते. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातली शेवटची दहा-पंधरा वर्षं मुलं पहाटेच्या कोचिंग क्लासहून दमून यायची आणि माझ्या तासाला खुशाल डुलक्या काढायची. त्यामुळे २०२३ च्या पावसाळ्यात लेक फोनवर म्हणाली, "आई, तू एखाद्या ग्रुप कोचिंगला जा," तेव्हा मी तिला विचारलं, "ह्या वयात कुठली परीक्षा द्यायची आहे गं मला?"

ती हसली नाही. म्हणाली, "तू सहा महिने फक्त हवामानावर बोलते आहेस माझ्याशी."

खरं होतं ते. जानेवारीत हे गेले. त्याआधी २०१७ पासून अंथरुणाला होते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला होता, त्यामुळे उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. डॉक्टर ह्याला वाचाघात म्हणतात. मोजके काही शब्द होते पहिल्या महिन्यात, तेही एकेक करून विरले आणि शेवटी एकच शब्द उरला. "नको."

पाणी हवं का? नको. कूस बदलू का? नको. भाषेचे उपचार करायला एक मुलगी यायची. तिने मला सुरुवातीलाच बजावलं होतं की अशा रुग्णाचं 'नको' हे 'नको'च असेल असं नाही. हवं म्हणायचं असतं आणि तोंडातून नको निघतं. डोळे बघा, हात बघा, शब्दावर जाऊ नका. मला ते पटलं होतं. पण रात्री दोन वाजता ओली चादर बदलताना ते पटलेलंच राहतं असं नाही.

त्या सहा वर्षांबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून कळत नाही.

तर गेल्यानंतर लोक भेटायला येत होते. आमच्या दूरच्या नात्यातल्या एक मावशी आल्या (घरच्यांनी ओळखायचा खटाटोप करू नये), माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सुटले गं बिचारे. आणि तूही सुटलीस." शेजारी बसलेल्या दोघींनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, मला लागलं. लागलं होतंच, पण ते खोटं होतं म्हणून नव्हे. पहिल्या रात्री मी सलग सात तास झोपले होते. सकाळी जाग आल्यावर, काय घडलंय ते आठवायच्या आधी, क्षणभर मला हायसं वाटलं होतं. ते कोणालाही सांगायची सोय नव्हती.

असो. ह्या पार्श्वभूमीवर मी त्या कोचिंगला गेले. आधी बाईंना त्यांचं शिक्षण विचारून घेतलं. सवय, दुसरं काय! एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. आपल्याकडे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. 'कोच' म्हणवून घ्यायला कसलीच नोंदणी लागत नाही. उद्या मीही पाटी लावू शकते. तेव्हा विचारायला लाजू नये. आमच्या बाई मानसशास्त्रातल्या एम.ए. निघाल्या, आणि त्याहून मला आवडलं ते हे, की पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "हा उपचार नाही. कोणाला आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर त्यांनी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं." सरकारचा 'टेलीमानस' नावाचा दूरध्वनी २०२२ पासून सुरू आहे, त्याचा १४४१६ हा नंबर त्यांनी फळ्यावर लिहिला आणि शेवटच्या दिवसापर्यंत पुसू दिला नाही.

जागा म्हणजे कोथरूडमधल्या एका नृत्यवर्गाची खोली. तीन भिंतींना आरसे. दुःख सांगायला आलेल्या माणसाला तीन बाजूंनी स्वतःचंच तोंड दिसणार! दुसऱ्या शनिवारी कोणीतरी आरशांवर चादरी टाकल्या. आम्ही सात जण होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांचा मुलगा वाटणीनंतर त्यांच्याशी बोलत नव्हता. एक परिचारिका. नोकरी गेलेली घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणारा एक तिशीचा मुलगा. प्रत्येक वाक्यानंतर हसणारे एक विधुर. आणखी दोघी, त्यांचं त्यांनी सांगितलेलं तिथेच राहायला हवं. खरं तर सगळ्यांचंच. वरचं मी त्यांना विचारून लिहिते आहे.

नियम चारच होते. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. 'मी'ने सुरू होणारं वाक्य बोलायचं. बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणायचं. आणि सल्ला द्यायचा नाही.

हा चौथा नियम वाचायला सोपा वाटतो. मंडळी, मराठी माणसाला सल्ला न देता दीड तास बसवून बघा! बँकवाले गृहस्थ पहिल्या दिवशी सहा वेळा "तुम्ही असं करा..." म्हणाले आणि सहाही वेळा बाईंनी नुसता हात वर केला. मी स्वतः जीभ चावून बसले होते. पण आठवड्याभराने लक्षात आलं, की सल्ला मिळणार नाही हे पक्कं असलं की माणूस निराळं बोलतो. एरवी बोलतानाच आपण पुढच्या सल्ल्यापासून बचाव करत असतो. "मी हेही करून बघितलं, तेही करून बघितलं" असं. तो बचाव गळून पडला की मूळ गोष्ट फार थोडी उरते. दोन-तीन वाक्यांची.

मला जात्याची आठवण झाली. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर ह्यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. माझ्या आजोळी जातं होतं, माझी आजी आणि चुलत आजी पहाटे दळायला बसायच्या. अंधारात तोंड दिसत नसे. सासरचं, माहेरचं, गेलेल्या मुलांचं, सगळं त्या ओवीतून जात्याला सांगायच्या, एकमेकींना नाही. समोरची फक्त खुंटा ओढायची आणि पुढची ओवी घालायची. "तू असं कर" म्हणायची नाही. उगाच जुनं ते सोनं म्हणत नाही मी, जातं ओढून हाताला घट्टे पडायचे ते मी पाहिलेत. पण समोर कोणीतरी असावं आणि त्याने उत्तर देऊ नये, ही सोय त्यांना ठाऊक होती.

चौथ्या शनिवारी बाईंनी भावनांना नावं द्यायला सांगितली. 'बरं वाटत नाही', 'कसंतरी होतं' हे चालणार नाही, नेमका शब्द हवा. २००७ साली कॅलिफोर्नियात मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यावर प्रयोग केला होता. चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवायचे आणि त्यातली भावना शब्दाने सांगायला लावायची. नाव दिलं की मेंदूतला भीतीचा इशारा देणारा भाग शांत होताना दिसला. हे ऐकून माझ्यातली बी.ए. जागी झाली. आम्ही भरतमुनींचं नाट्यशास्त्र परीक्षेपुरतं घोकलं होतं. आठ स्थायी भाव आणि तेहेतीस व्यभिचारी भाव. घरी जाऊन जुनी वही काढली आणि तेहेतीस नावं उतरवून काढली.

काय शब्द आहेत! 'अमर्ष' म्हणजे नुसता राग नव्हे, आपल्याहून वरचढ माणसाने अपमान केल्यावर आत धुमसत राहतो तो. बँकवाल्यांनी तो ताबडतोब उचलला, फक्त त्यांच्या बाबतीत वरचढ झाला होता तो मुलगा. 'अवहित्था' म्हणजे मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं. लाजेने, भीतीने झाकून ठेवणं हीसुद्धा भरतमुनींनी भावांतच धरली आहे. हे वाचून दाखवलं तेव्हा आमचे विधुर हसले, आणि मग बराच वेळ हसले नाहीत.

मी मात्र माझा शब्द शोधत होते, तो यादीत नव्हता. हर्ष आहे, धृती आहे, सुटका नाही. मग मी साध्या मराठीतच म्हटलं, "नवरा गेला त्या सकाळी मला हायसं वाटलं."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. कोणी काही बोललं नाही, नियमच होता. मग परिचारिका बाई खाली बघत म्हणाल्या, "मला सासूबाई गेल्या तेव्हा वाटलं होतं. नऊ वर्षं झाली." एवढंच. आर्व्हिन यालोम ह्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९७० साली गटोपचारावर मोठा ग्रंथ लिहिला. गटाने माणसाला बरं का वाटतं ह्याची जी कारणं त्यांनी दिली, त्यात 'हे फक्त माझंच नाही' असं उमगणं हे एक आहे. मी ते नंतर वाचलं. त्या क्षणी फक्त खांदे खाली आले, आणि ते आजवर वर होते हे तेव्हा कळलं.

त्या यादीत एक नाव मी तीनदा वाचून पुढे गेले होते. 'श्रम'. दमणूक ही भावना कशी, म्हणून मी परीक्षेतही ते विसरायची. सहाव्या शनिवारी त्याच्यावर बोट ठेवलं. त्या हायशाच्या खाली ते होतं.

आणि त्याच्याही खाली राग. २०१९ साली लेकीच्या बाळंतपणाला मी जाऊ शकले नाही. मदतीला बाई ठेवली की हे मान फिरवून "नको" म्हणत. माझ्या हातून जेवत. त्या 'नको'वर मी गेले नाही. त्याचा अर्थ काय होता, खरंच नको होतं, की "जा, माझी नको काळजी करू" असं काही होतं, हे आता कोणी सांगणार नाही. बाईंनी अल्बर्ट एलिस ह्यांची पद्धत समजावली होती, घटना वेगळी, घटनेबद्दलची आपली समजूत वेगळी, भावना उपजते ती त्या समजुतीतून. मी म्हटलं, "बाई, समजूत तपासायला साक्षीदारच उरला नाही." त्यांनी वाद घातला नाही. विचारलं, "दोन्ही अर्थ जवळ ठेवून बघता येईल का थोडे दिवस?" अजून ठेवलेत. कधी एक जड होतो, कधी दुसरा. राग गेला असं म्हणणार नाही, पण आता तो आला की मला ओळखता येतो, आणि लेकीशी बोलताना तो हवामानाचं सोंग घेत नाही. तिला मी हे सगळं सांगितलं, बाळंतपणाचंही. दोघी रडलो, फोनचं बिल तिचं.

दहा शनिवार संपले. फी घेतली तिच्याइतकं मिळालं का? माझ्यापुरतं हो. डब्याच्या मुलाने सातव्या आठवड्याला यायचं सोडलं, का ते माहीत नाही. बँकवाल्यांचा मुलगा अजून बोलत नाही. आम्ही पाच जण मात्र बाईंशिवाय महिन्याच्या पहिल्या शनिवारी भेटतो, आळीपाळीने एकेकाच्या घरी. पहिला तास चारही नियम पाळतो. चहा आला की चौथा मोडतो, आणि बँकवाले सगळ्यांच्या ठेवींचे व्याजदर विचारून घेतात. येत्या शनिवारी माझ्याकडे आहे. उपमा करणार आहे, परिचारिका बाईंना कांदा चालत नाही म्हणून त्यांचा आधी काढून ठेवायचा.