मानदुखी आणि आयुर्वेद : आमचा अनुभव

मान कुणाचीच दुखत नाही असे घर आपल्या वस्तीत शोधून सापडणार नाही. कुणी मोंढ्यात पोती वाहतो, कुणाची आई बांधकामावर डोक्यावरून पाट्या नेते, कुणाची बहीण दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेली असते. आम्ही लातुरात कारकुनी करतो. दिवसा संगणक आणि संध्याकाळी जमिनीवर बसून वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज! चाळिशी ओलांडताच आमच्याही मानेने संप पुकारला.

मानेत सात मणके असतात आणि डोक्याचे वजन सुमारे ५ किलो भरते. मान जितकी पुढे वाकवावी तितका हा भार स्नायूंवर वाढत जातो. मग स्नायू आखडतात आणि वयाबरोबर मणक्यांमधल्या गाद्याही झिजतात.

नांदेडला आमचे थोरले बंधू राहतात. त्यांच्याकडे मुक्काम करून आम्ही तेथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवले. (अहमदपूर-लोह्यामार्गे एसटीचे हादरे खात गेलो, ते मानेला चांगलेच कळले.) आधी एक्स-रे, मग उपचार. कोमट तेलाने मालीश, निर्गुंडीच्या पाल्याचा शेक आणि ग्रीवाबस्ती. ग्रीवाबस्ती म्हणजे उडदाचे पीठ घट्ट मळून मानेवर गोल पाळ बांधायची, त्यात सोसेल इतके कोमट तेल ओतायचे आणि निवले की बदलायचे. आपण मुकाट्याने पालथे पडून राहायचे. चौथ्या दिवशी मान वळू लागली. वैद्यांनी मात्र स्पष्ट सांगितले, की झिजलेला मणका तेलाने भरून येत नाही. आखडलेपण सुटते, वेदना कमी होते, तेवढ्या अवधीत सवयी बदला.

घरी आल्यावर आमच्या आयुष्मतींनी दोन उशा काढून घेतल्या आणि पातळ वाकळेची घडी दिली. कार्यालयात जुन्या रजिस्टरांवर संगणक चढवला, तो डोळ्यांसमोर आला. रोज तळहाताने कपाळ दाबायचे, मान न हलवता पाच-दहा आकडे मोजायचे. एवढेच.

वाचक बंधू-भगिनींनी न्हाव्याकडून मान कडाकडा मोडून घेऊ नये. त्याने नसेला इजा होऊ शकते. बाजारातली बिनलेबलची पुडीही नको. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले आहे. हाताला मुंग्या येत असतील, हातातली वस्तू गळून पडत असेल, चालताना तोल जात असेल, तर तेल लावत बसू नये. तडक मोठ्या दवाखान्यात जावे.

हे सगळे आम्ही शेजारच्या हमालबंधूंना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "दादा, सात दिस पालथं पडलो तर लेकरं काय खातील?" आम्हाला वैद्यकीय रजा होती, पगार चालू होता. त्यांच्या मानेला तेल परवडेल, सात दिवस परवडत नाहीत.

माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्याच्यासाठी राज्याने १९६९ साली कायदा केला. पुरुष कामगाराने ५५ किलोंपेक्षा जास्त ओझे वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली आहे. पण मंडळाकडे नोंद झालेली नसेल, तर या कायद्याचा हमालाला काय उपयोग? आमच्या शेजाऱ्यांची नोंद नव्हती. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आणखी चौघांचीही नव्हती.

सध्या त्यांच्या घरी रात्री निर्गुंडीचा पाला उकळून शेक दिला जातो. थोडा आराम पडतो, सकाळी पुन्हा पोते. पाचही जणांचे नोंदणीचे कागद आमच्याकडे आले आहेत. एकाच्या आधारकार्डावर नाव चुकलेले आहे. ते दुरुस्त झाले की अर्ज जाईल.