बदलापूरच्या एका आईस

ताई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, आणि असतं तरी इथे लिहिलं नसतं. मुलीची ओळख पटेल असं काहीही छापायला पोक्सो कायद्याच्या कलम 23 ने मनाई केली आहे, आणि आईचं नाव सांगितलं की मुलीची ओळख आलीच. म्हणून पत्र जाहीर, पण पत्ता कोरा.

लेकरू गमावल्यावर इतरांच्या लेकरांसाठी उभे राहिलेले आईबाप आपण पाहिले आहेत. निर्भयाच्या आई आशादेवींनी 2015 साली लेकीचं नाव भर सभेत घेतलं आणि लाज गुन्हेगाराला वाटायला हवी, हे ठणकावलं. 2011 साली अंधेरीच्या आंबोलीत मुलींची छेड काढणाऱ्यांना हटकलं म्हणून कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस यांना भोसकलं. कीननचे वडील व्हॅलेरियन सँटोस निकाल लागेपर्यंत, म्हणजे मे 2016 पर्यंत, त्या खटल्याचा पाठपुरावा करत राहिले. अमेरिकेत पॅटी वेटरलिंग यांच्या अकरा वर्षांच्या जेकबला 1989 साली पळवून नेलं. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांची नोंद ठेवणारा कायदा तिथे 1994 मध्ये त्याच्याच नावाने झाला. जेकबचे अवशेष मात्र 2016 मध्ये सापडले.

ही माणसं बोलू शकली, कारण त्यांचं मूल गेलं होतं. झाकून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तुमची मुलगी तुमच्याजवळ आहे. ती शाळेत जाईल, मोठी होईल, आणि कधीतरी हे सगळं तिच्या वाचनात येईल. त्यामुळे तुम्हाला व्यासपीठ नाही, मुलाखत नाही, की फोटो नाही. तोंड बांधून लढायचं, तेही पोलीस, शाळा आणि पुढारी या तिघांशी एकाच वेळी. आंदोलक आईबापांच्या यादीत तुमचं नाव कधी येणार नाही. माझ्या मते ते पहिल्या ओळीत हवं होतं.

16 ऑगस्ट 2024 चा दिवस आठवा असं सांगायची गरज नाही, तुम्ही तो विसरला नसाल. बालवाडीतल्या दोन चिमुकल्यांवर शाळेत झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायला अकरा-बारा तास लागले. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अंगावर गणवेश नसावा, असं पोक्सोचं कलम 24 सांगतं. नवी न्याय संहिता तर जेमतेम दीड महिन्यापूर्वी वाजतगाजत लागू झाली होती. कागदावर सगळं जागच्या जागी होतं. कमी पडलं ते लिहून घेणारं माणूस.

दुसऱ्या दिवशी आरोपीला अटक झाली. 20 तारखेला सकाळी लोक रुळांवर उतरले आणि अंबरनाथ-कर्जत लोकल सुमारे दहा तास बंद राहिली. त्या गर्दीचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण गर्दीची मागणी आणि तुमची मागणी एक नव्हती. गर्दी फाशी मागत होती, तुम्ही तक्रार लिहून घ्या म्हणत होता. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी 22 ऑगस्टला पोलिसांना धारेवर धरलं, तेव्हा त्यांचे प्रश्न तुमचेच होते. शाळेने पोलिसांना का कळवलं नाही? दुसऱ्या मुलीच्या घरच्यांचा जबाब सुनावणीच्या आदल्या मध्यरात्रीपर्यंत का राहिला?

मग 23 सप्टेंबर उजाडला. तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत आरोपी मारला गेला. त्याने पिस्तूल हिसकावलं, असं पोलीस म्हणाले. इथे पेढे वाटले गेले, मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयात आला. त्याने या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं आणि बळाचा तो वापर समर्थनीय नव्हता असं नोंदवलं. पेढे वाटणाऱ्यांपैकी कुणी तुम्हाला विचारलं होतं का? माणूस मेला की त्याच्यावरचा खटलाही संपतो. ‘तुझ्यावर अन्याय झाला, हे न्यायालयाने पुराव्यानिशी मान्य केलं’ एवढं वाक्य मुलीला मोठेपणी सांगता आलं असतं. ते तुमच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि वर तो मृत्यू न्याय म्हणून तुमच्याच पदरात टाकला गेला. मागे उरला तो शाळा चालवणाऱ्यांवरचा, गुन्हा न कळवल्याचा खटला. त्याच्या तारखांना मात्र कुणी रूळ अडवत नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असं वाटत होतं. त्याच गावात दुसरेही एक आईबाप होते, आरोपीचे. जमावाने त्यांच्या घराची मोडतोड केली. मुलगा गेल्यावर दफनासाठी बदलापुरात जागा मिळेना, अंबरनाथमध्ये मिळेना. शेवटी उल्हासनगरात खड्डा खणला, तर तो लोकांनी बुजवला. पोलीस बंदोबस्तात 29 सप्टेंबरला दफन झालं. त्यांचं दुःख तुमच्या दुःखाशेजारी ठेवायचा मला अधिकार नाही. पण मेलेल्या माणसाचा खड्डा बुजवून तुमच्या मुलीचं काय भलं झालं, हे आम्ही शेजाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवं.

उल्हासनगरात 1990 साली दहावीच्या परीक्षेला बसलेल्या रिंकू पाटीलला परीक्षा केंद्रातच जाळलं होतं. तेव्हाही महाराष्ट्र हादरला होता. आपल्या पट्ट्याला हादरण्याची सवय आहे, पाठपुराव्याची नाही. तुमच्या तक्रारीनंतर मात्र काहीतरी लिखित उरलं. 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे झाले आणि असा प्रकार कळल्यापासून 24 तासांत पोलिसांना सांगणं बंधनकारक झालं. उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या समितीने शाळांच्या सुरक्षिततेचा सगळा विषय तपासला. हे सगळं तुम्ही त्या दिवशी पोलीस ठाण्यातून उठून घरी गेला नाहीत म्हणून झालं.

आता तुमच्याकडून आम्हाला काही नको. मुलाखत नको, प्रतिक्रिया नको, वर्षपूर्तीचं स्मरणही नको. तुम्ही मुलीकडे बघा.

बाकीचं काम आमचं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पालकांनो, पुढच्या पालकसभेला गृहपाठाबद्दल नंतर विचारा. आधी मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, ती शेवटची कधी बसली, लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी झाली का, हे विचारा. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर दिसला नाही, तर तो लागेपर्यंत मुख्याध्यापकांच्या दालनातून उठू नका.

तुमच्याच गावातला,
एक पालक