लॉक सापडलं नाही

"मॅडम, एक लायसन्स दोन मशीनवर वापरलं जातंय असं दिसतंय इथे."

फोनवरचा पोरगा हे इतक्या थंडपणे बोलला, की तो मला चोर म्हणतोय हे आधी माझ्या डोक्यातच शिरलं नाही. शिरलं तोवर त्याचा पुढचा प्रश्न आला होता, "बिल नंबर सांगता का?" ऐन दिवाळी अंकांचे दिवस. एका अंकाचा कवितांचा फर्मा संध्याकाळी छापायला जायचा होता आणि माझ्या स्क्रीनवर मधोमध एक करडी चौकट बसली होती : लॉक सापडलं नाही.

मी डीटीपी करते. मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा, मग पुण्यात नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये नोकरी, मग घरच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आमच्या धंद्यात लॉक म्हणतात ते मात्र सांगायला हवं. मराठी फॉन्टचं पॅकेज रीतसर विकत घेतलं की त्याच्याबरोबर करंगळीच्या दोन पेरांएवढी एक वस्तू मिळते. ती कॉम्प्युटरला लावलेली असेल तरच पॅकेज चालतं. पूर्वी ती प्रिंटरच्या 25 पिनांच्या पोर्टात बसायची आणि तिच्या पाठीत प्रिंटरची वायर खोचायची. आता ती यूएसबीची आहे. हरवली, तर नवं पॅकेज घ्या.

माझ्याकडे मशीन दोन. जुन्यावर एक्सपी आणि पेजमेकर. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, 2001 सालची, पण आमच्याकडे ती पुढे कितीतरी वर्षं नांदली. त्या काळात लावलेली पुस्तकं सगळी त्याच मशीनवर, जुन्या फॉन्टांत. प्रकाशक आठवण आल्यासारखा एक दिवस फोन करतो, "ताई, ते पुस्तक परत काढतोय, चार ओळी बदलायच्यात." ती फाइल नव्या मशीनवर नुसती उघडली तर मराठीच्या जागी पौंडाची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं आणि मध्येच एखादा आकडा. म्हणून जुनं मशीन जिवंत ठेवायचं. नव्यावर इनडिझाइन आणि युनिकोड. तिथेही जुना मजकूर बदलून घ्यायला त्याच पॅकेजचा कन्व्हर्टर लागतो, आणि टाइपरायटरच्या ले-आउटने टाइप करायलाही तेच पॅकेज. म्हणजे लॉक इथेही हवं आणि तिथेही.

शिवाय कीबोर्ड. माझा टीव्हीएस गोल्ड आहे. त्याची खटखट शेजारच्या ब्लॉकमध्ये ऐकू जाते. नव्या मशीनबरोबर आलेला पातळ कीबोर्ड मी आठवडाभर वापरून पाहिला आणि मनगटं धरली. हा कीबोर्ड दोन्हीकडे हवा, हा हट्ट आधी होता. लॉक त्याच्या मागून आलं.

आधी काय करत होते, तर दर वेळी टेबलाखाली वाकून लॉक या डब्याच्या पाठीतून काढायचं आणि त्या डब्याच्या पाठीत घालायचं. अंधारात, अंदाजाने. यूएसबीची पिन पहिल्यांदा उलटीच का जाते, हा प्रश्न सगळ्या जगाला पडलेला आहे. ज्यांच्या टीमने हे यूएसबी घडवलं ते तेव्हा इंटेलमध्ये असलेले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांनीच मागे सांगितलं होतं, की दोन्ही बाजूंनी बसणारी पिन केली असती तर तारा वाढल्या असत्या आणि खर्चही. 1996 साली पहिला आराखडा आला तेव्हा स्वस्त असणं महत्त्वाचं होतं. पटतं. टेबलाखाली गुडघ्यावर बसलेलं असताना पटत नाही.

प्रेसमध्ये असताना आमच्याकडे एक पत्र्याचा डबा होता. पुढे गोल खुंटी, एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला बी. खुंटी फिरवली की टॉक असा आवाज व्हायचा आणि एकच प्रिंटर या मशीनचा त्या मशीनला जायचा. असं काही यूएसबीचं मिळतं का बघायला मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले. पहिल्या दुकानदाराने हब काढून दिला. हे अगदी नेहमी होतं, म्हणून सांगते. हब म्हणजे एका कॉम्प्युटरला चार वस्तू जोडायची सोय. आपल्याला हवा तो स्विच, म्हणजे त्याच चार वस्तू दोन कॉम्प्युटरांना आळीपाळीने. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच. फरक एवढाच, की स्विचला कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या दोन वायरी असतात आणि वर एक बटण.

आळीपाळीनेच का, दोन्हीकडे एकदम का नाही, हेही मला तिथेच पुढच्या दुकानातल्या मुलाने समजावलं. यूएसबीत मालक एकच असतो. माऊस आपणहून काहीच बोलत नाही. कॉम्प्युटर त्याला सेकंदाला साधारण 125 वेळा विचारतो, हललास का, हललास का, आणि मग तो उत्तर देतो. दोन मालकांनी एकाच वेळी विचारलं तर उत्तर कुणाला द्यायचं? म्हणून बटण दाबलं की स्विच चारही वस्तू एका मशीनपासून खरोखर तोडतो आणि दुसऱ्याला जोडतो. हाताने उपसून घालण्यात आणि यात कॉम्प्युटरच्या लेखी काहीही फरक नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने विचारतो, कोण तू, कुठल्या कंपनीचा, आणि मग टुंग करतो.

हा मुद्दा लक्षात ठेवा. सगळं भांडण याच्यावरच झालं.

स्विच आणला. कीबोर्ड, माऊस, लॉक आणि कामाची बाहेरची हार्ड डिस्क, चारही त्याला. पहिले काही दिवस स्वर्ग. बटण दाबायचं, खुर्ची जराशी फिरवायची, पुढची ओळ. कधी बटण दाबायचं राहायचं आणि या स्क्रीनकडे बघत बघत अख्खा परिच्छेद त्या मशीनवर टाइप व्हायचा, पण ते चालायचंच. हार्ड डिस्कच्या बाबतीत मी शिस्त ठेवली होती. आधी ती सोडवायची, "आता काढू शकता" म्हटलं की मगच बटण. मग ऐन ऑक्टोबरात नव्या मशीनवर ती चौकट यायला लागली. कधी यायची, कधी नाही. पंधरा मिनिटं नीट चालायचं आणि शब्दाच्या मधोमध लॉक सापडलं नाही. त्या दिवशी काही केल्या हटेना, तेव्हा कंपनीला फोन केला.

कंपनीचं नाव घेत नाही. फॉन्ट चांगले आहेत त्यांचे, अजूनही तेच वापरते.

त्या पोराने माझ्या मशीनचा ताबा घेतला. माझा बाण माझ्या स्क्रीनवर आपोआप फिरायला लागला. पॅकेजच्या नव्या आवृत्तीत एक नोंदवही असते, हे मला तेव्हा कळलं. लॉक कधी लागलं, कधी निघालं, सगळं तारीखवार. तो मला वाचून दाखवायला लागला. "सकाळी दहा बाराला निघालंय. दहा चौदाला लागलंय. दहा वीसला निघालंय." म्हटलं, हो, कारण मी दहा बाराला जुन्या मशीनवर एक वेलांटी दुरुस्त करायला गेले होते. "म्हणजे दुसरं मशीन आहे." आहे ना. मी कुठे लपवलं? आणि मग ते पहिलं वाक्य.

मी त्याला शांतपणे सांगून पाहिलं. अरे बाळा, लॉक एकच आहे. ते एका वेळी एकाच ठिकाणी असतं. स्विचचं बटण दाबलं की इथलं पॅकेज बंद पडतं तेव्हाच तिथलं सुरू होतं. दोन्हीकडे एकदम चालवायचं मनात आणलं तरी चालवता येणार नाही, त्या वस्तूत तशी सोयच नाही. मी बटण दाबते त्याऐवजी वाकून हाताने लॉक हलवलं असतं तर? "ते पण दोन मशीनच झालं ना मॅडम."

मग मी उठले आणि फाइल काढली. आमच्याकडे सगळे कागद असतात. लायसन्सचा कागद, घडीवर पिवळा पडलेला. त्यातलं वाक्य त्याला मोठ्याने वाचून दाखवलं : सदर पॅकेज एका वेळी एकाच संगणकावर वापरता येईल. एका वेळी. तो म्हणाला, "ते जुन्या व्हर्जनचं आहे मॅडम. अपडेट केलंत तेव्हा तुम्ही नव्या अटी मान्य केल्यात." मी कधी? "खाली टिक केलीत ना." अपडेट करताना टिक करावीच लागते, नाही केली तर पुढे जाताच येत नाही. अटी इंग्रजीत, स्क्रीनभर, बारीक टायपात. मराठी अक्षरं विकणाऱ्या कंपनीच्या अटी मराठीत नाहीत, याचं मला त्या क्षणी जास्त वाईट वाटलं. मी म्हटलंही तसं. त्याने "ओके मॅडम, फीडबॅक नोट करतो" म्हटलं.

मग त्याने सांगितलं, की केस पेंडिंग ठेवतोय, तुम्ही लेटरहेडवर लिहून द्या की दुसऱ्या मशीनवरून पॅकेज काढून टाकलंय, सही आणि शिक्का. अर्ध्या पेठेची लेटरहेडं मी करून देते. माझं स्वतःचं नाही. लागलंच नाही कधी.

मला राग कशाचा आला ते सांगते. मी हे पॅकेज घेतलं तेव्हा आमच्या गल्लीत ते विकत घेणारं मूर्खांत गणलं जायचं. ज्याच्या त्याच्याकडे लॉक तोडलेली सीडी. एकाने मला ती फुकट देऊ केली होती, वर चहा पाजला होता. मी हप्त्याहप्त्याने पैसे भरले. ज्यांनी सीडी चालवली त्यांना आजवर कुणी फोनवर बिल नंबर विचारलेला नाही, कारण त्यांच्याकडे नोंदवहीच नाही. हिशेब मागितला जातो तो पैसे भरणाऱ्याकडे. असं कुलूप फक्त प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या दाराला लागतं, असं मी त्या रात्री घरात सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवलं. मुलगा म्हणाला, आई, जेवून घे.

संध्याकाळचा फर्मा गेला नाही. संपादकांना सांगितलं की लॉक सापडत नाहीये, तर ते म्हणाले, "मग कुलूपवाल्याला बोलवा ना." खरोखर म्हणाले. साताऱ्याकडचे भले गृहस्थ आहेत.

दुसऱ्या दिवशी स्विच पिशवीत घालून पुन्हा तपकीर गल्ली. तोच दुकानातला मुलगा. त्याने डबी उलटी केली, वायरी पाहिल्या आणि विचारलं, "मावशी, याला काय काय लावता?" मी सांगितलं. "हार्ड डिस्क काढा यावरून." झालं. एवढंच.

यूएसबीच्या साध्या पोर्टातून 500 मिलीअँपिअर वीज मिळते. स्विचला वेगळा अॅडाप्टर नसेल तर त्यातल्या चारही वस्तूंनी तेवढ्यातच भागवायचं. म्हणजे एकेकीच्या वाट्याला हिशेबाने 100 च्या आसपास. कीबोर्ड, माऊस, लॉक त्यात सहज बसतात. फिरणारी हार्ड डिस्क चाक सुरू करताना एकटीच सगळी ओढायला बघते. मग दाब पडतो आणि सगळ्यात नाजूक जो असेल तो गळतो. माझ्याकडे लॉक गळत होतं. पेटीवर मात्र चार पोर्टांची चार चित्रं होती आणि त्यातलं एक चक्क हार्ड डिस्कचं होतं. त्याने स्विचच्या कडेचं छोटं भोक दाखवलं, जिथे पाच व्होल्टचा अॅडाप्टर लागतो, ज्याबद्दल पेटीवर अवाक्षर नाही. अॅडाप्टरचे पैसे घेतले, सल्ल्याचे घेतले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर ते भोक आहे का बघा. आणि वायरी बघा. बऱ्याच स्वस्त स्विचांच्या वायरींना दोन्ही टोकांना तीच चपटी पिन असते. नियमाने तशी वायरच असायला नको, कारण ती चुकून दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये लावली तर दोघांची वीज एकमेकांच्या अंगावर जाऊ शकते. स्विचच्या बाजूला प्रिंटरसारखं चौकोनी भोक असलं तर ही भानगड होत नाही. स्क्रीनही बदलून देणारे मोठे स्विच मिळतात, महाग असतात. मला दोन स्क्रीन आवडतात, त्यामुळे त्या वाटेला गेले नाही. नवीन मुलं सॉफ्टवेअरनेच माऊस एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर नेतात, पण त्यातून लॉक जात नाही.

हार्ड डिस्क नव्या मशीनच्या पाठीत सरळ लावली, स्विचला अॅडाप्टर दिला, आणि ती चौकट परत आलेली नाही. कंपनीला मी हे कळवलं, सविस्तर, मराठीत. उत्तरात केस बंद झाल्याची मेल आली आणि खाली पाच रिकामे तारे : आमची सेवा कशी वाटली? मी पाचही भरले. त्या पोराचा पगार त्यावर ठरत असेल तर माझ्यामुळे कशाला कमी व्हावा. लेटरहेडचं पुढे कुणी काढलं नाही, मीही नाही.

आणि रागाच्या भरात कुलपाबद्दल मी जे बोलले ते आता तितकंसं खरं वाटत नाही. मराठी अक्षरं घडवणारी माणसं होती किती? एकेका जोडाक्षरावर दिवस घालवायचे आणि आमच्या गल्लीने ते एका सीडीत फुकट वाटायचं. लॉक नसतं तर तेही कधीच दुकान बंद करून गेले असते आणि मी आज कशावर टाइप करत असते? पण मग ती इंग्रजी टिक आठवते आणि पुन्हा डोकं तापतं.

त्यांनी परवा दुसऱ्या लायसन्सचं कोटेशन पाठवलं. जुन्या गिऱ्हाइकांना सवलत. नव्या पद्धतीत लॉक नाहीच, दरवर्षी पैसे भरायचे आणि इंटरनेटवरून चालू राहायचं. जुन्या एक्सपीला मी इंटरनेट लावत नाही, त्यामुळे तिथे ते चालणार नाही. तरीही घेईन म्हणते, नव्या मशीनपुरतं. दिवाळी अंकांचे पैसे आले की बघू. गेल्या वर्षीचेच दोघांचे यायचे आहेत.