शिक्कामोर्तब, व्हाया शिवाजीनगर

रिटर्न गिफ्ट म्हटलं की आपण काय करतो? फोन काढतो, ‘शंभर रुपयांच्या आत’ असा फिल्टर लावतो आणि पाच मिनिटांत ऐंशी सुगंधी मेणबत्त्या मागवून मोकळे होतो. बारसं असो, मुंज असो की एकसष्टी, मेणबत्ती तीच. तिच्यावरचं ‘थँक यू’सुद्धा तेच. पाहुण्यांच्या घरी ती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जाते आणि वीज जाण्याची वाट बघत बसते.

त्यापेक्षा एक शनिवार मोकळा काढा आणि पुण्याच्या मेट्रोत बसा. शिवाजीनगर, कसबा पेठ, मंडई. एवढ्या तीन स्टेशनांच्या परिसरात कागद, शिक्का, शाई, कापड सगळं मिळतं. ते घेऊन घरी बसलात की तुमची रिटर्न गिफ्ट जगात दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. रबर स्टॅम्पिंग नावाचा हा छंद परदेशात प्रचंड मोठा आहे. त्याचे महागडे सेट आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात, फुलपाखरं आणि ‘हॅपी बर्थडे’वाले. पण ते घेणार असाल तर मेणबत्ती काय वाईट होती? मजा आहे ती स्वतःचा शिक्का पाडून घेण्यात. आणि शिक्का पाडून घ्यायला पुण्यासारखं गाव नाही, हे पुणेकर म्हणून नाही, अगदी तटस्थपणे सांगतेय. (हसू नका.)

सुरुवात शिवाजीनगरपासून. कृषी महाविद्यालयाच्या बाजूला हातकागद संस्था आहे. रोज तिच्यावरून जाणाऱ्या निम्म्या लोकांनी आत पाऊल टाकलेलं नसतं. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून 1940 साली ही संस्था उभी राहिली. के. बी. जोशी हे त्यामागचं मोठं नाव. इथला कागद झाडापासून बनत नाही, चिंध्यांपासून बनतो. बनियन-टीशर्टच्या कारखान्यांत उरणारी सुती कात्रणं बारीक करायची, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करायचा, तो जाळीच्या साच्यावर अलगद उचलायचा, दाबून पाणी काढायचं आणि ताव वाळवायचे. म्हणजे तुम्ही ज्यावर छापणार आहात, तो कधीकाळी कुणाच्या तरी टीशर्टचा तुकडा असतो. जायच्या आधी फोन करून वेळ विचारून घ्या, हे बरं.

कागद निवडताना एकच अक्कल वापरायची. खरखरीत, पाकळ्या घातलेले कागद दिसायला फार गोड असतात, पण त्यांच्यावर शिक्क्याची शाई फुटते आणि बारीक अक्षरं गायब होतात. त्यामुळे ‘घोटलेला, गुळगुळीत’ असा मागा. आणि थोडा जाड घ्या. साधारण 22 बाय 30 इंचाचा ताव असतो. त्यातून 2 बाय 3 इंचाचे टॅग कापले तर 110 निघतात. म्हणजे ऐंशी पाहुण्यांसाठी एक ताव पुरतो, वर चुकायला तीस टॅग शिल्लक! आमच्या ऑफिसातल्या एकानं हा हिशेब ऐकून लगेच एक्सेल उघडलं होतं. त्याची गरज नाही.

इथून मेट्रोनं कसबा पेठ. गाडी नदीखालून जाते आणि वर आलात की थेट जुन्या पुण्यात. या पेठेत कागदीपुरा नावाची आळी आहे. आज तिथं कागद बनत नाही, नाव तेवढं राहिलंय. एके काळी कागद तयार करणाऱ्या कारागिरांची ती वस्ती. मराठेशाहीतल्या महत्त्वाच्या पत्राला दोन ठसे लागायचे. डोक्यावर शिक्का आणि मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे त्याच्याखाली कुणी एक ओळसुद्धा घुसडू नये. आपण मीटिंगमध्ये ‘चला, शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो ते तिथून आलंय. अशी लाखो मोडी कागदपत्रं पेशवे दफ्तरात आजही जपून ठेवली आहेत. कागद आणि ठसा ही जोडी या गावाला नवी नाही, एवढंच सांगायचं होतं. चला पुढे, काकांचं दुकान दुपारी बंद होतं.

कोणते काका? तर शिक्केवाले. अप्पा बळवंत चौक आपल्याला गाईड, अपेक्षित आणि वह्यांसाठी माहीत असतो. पण आजूबाजूच्या गल्ल्यांत डोकं घातलंत की ‘रबर स्टॅम्प अर्ध्या तासात’ अशा पाट्या दिसतात. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक मशीन आणि भिंतीवर नमुन्याचे ठसे. ‘चेअरमन’, ‘सेक्रेटरी’, ‘रक्कम मिळाली’. जळक्या रबराचा वास. गृहनिर्माण सोसायट्या, सीए आणि वकील हे इथले गिऱ्हाईक. हल्ली डिजिटल सही आल्यापासून त्यांचं येणं कमी झालंय, असं काका म्हणाले. म्हणून गिफ्टवाल्यांचं स्वागत आहे, पण त्यांच्या फर्माइशी विचित्र असतात, हेही म्हणाले.

माझी फर्माइश अशी होती. आजीचं सहस्रचंद्रदर्शन. ऐंशी वर्षं आणि वर काही महिने झाले की माणसानं हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात, त्याचा सोहळा. पाहुणे ऐंशी. आजीची अट एकच, ‘बाजारचं काही वाटू नका.’ तिचं मेतकूट आमच्या साऱ्या खानदानात फेमस. तेव्हा मेतकुटाच्या पुड्या द्यायच्या ठरल्या आणि प्रत्येक पुडीवर तिच्या हातचं काहीतरी लिहिलेलं हवं, असं मला वाटत होतं. पण गेली दोन वर्षं तिचा हात थरथरतो. शाळेत फळ्यावर सुवाच्य अक्षर काढून जिनं हजारभर पोरांचं अक्षर वळणावर आणलं, ती आता बँकेतही अंगठा चालेल का विचारते. त्याबद्दल ती बोलत नाही. आम्हीही नाही.

मी तिची जुनी सही घेऊन काकांकडे गेले. काकांनी कागद उलटा करून माझ्यासमोर ठेवला. ‘सहीचा शिक्का नाही करत मी. कुणाची सही, कशावर मारणार, मला काय माहीत? संस्थेचं लेटरहेड असेल, त्या माणसाचं पत्र असेल तर बघू.’ मी म्हटलं, काका, मेतकुटावर मारायचाय हो! ते म्हणाले, ‘सगळे असंच सांगतात.’ सगळे मेतकूट सांगत नसावेत, पण मुद्दा बरोबर होता. चांगला शिक्केवाला ओळखायचा कसा, तर तो नको तिथं नाही म्हणतो.

मग घरून आजीची पाककृतींची वही आणली. निळी शाई, पिवळी पानं, तेलाचे डाग. काकांनी चष्मा वर करून ती चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘मीठ चवीपुरते.’ ही ओळ तिच्या प्रत्येक पाककृतीत आहे, कारण आजीनं मिठाचं माप आयुष्यात कुणाला दिलेलं नाही. ‘हे करा,’ काका म्हणाले. ‘अक्षर जाड आहे, छान उठेल.’

पुढचं काम बघण्यासारखं असतं, खुर्ची ओढून बसाच. आधी अक्षर स्कॅन केलं. कागदाचा पिवळेपणा आणि डाग पुसून फक्त काळं-पांढरं ठेवलं. मग एकेक रेघ थोडी जाड केली, कारण फार बारीक रेघ रबरावर टिकत नाही, आणि ‘ठ’च्या पोटासारखी छोटी पोकळी शाईनं बुजते. मग सगळं आरशातल्यासारखं उलटं केलं. लेझर रबराच्या पट्टीवर फिरतो आणि अक्षर सोडून बाकीचं जाळून टाकतो. उरतं ते उंच अक्षर. पट्टी धुऊन, कापून लाकडी मुठीला चिकटवली की झालं. पूर्वी यासाठी शिशाचे खिळे जुळवावे लागत, त्याचा साचा काढून कच्चं रबर उष्णतेनं आणि दाबानं त्यात बसवत. तापवून टिकाऊ झालेल्या रबराचं तंत्र चार्ल्स गुडइयरनं 1839 च्या सुमारास शोधलं म्हणून हा धंदा मुळात शक्य झाला. काकांकडे जुनं दाबयंत्र अजून कोपऱ्यात आहे, त्यावर आता डबा ठेवतात.

एक सावधगिरी. दुकानात तुम्हाला ‘प्री-इंक’ शिक्का घ्या म्हणतील, ज्याच्या फोममध्येच शाई भरलेली असते. ऑफिसला उत्तम, गिफ्टला निरुपयोगी. त्याचा रंग बदलता येत नाही. लाकडी मुठीचा साधा रबरी शिक्काच घ्या. आज विटकरी, उद्या हिरवा, परवा कापडावर. माझा दोन शब्दांचा शिक्का एका पिझ्झाच्या पैशात झाला.

शाईचं एका वाक्यात सांगते, कागदाला स्टॅम्प पॅड आणि कापडाला फॅब्रिक कलर. पॅड चौकातल्या कुठल्याही दुकानात मिळतं. जांभळं सोडून दुसरा रंग मागा, नाहीतर आमंत्रण पाहुण्यांना तहसीलदाराच्या नोटिशीसारखं वाटेल. क्राफ्टच्या दुकानांत एम्बॉसिंग पावडरही मिळते, ओल्या शाईवर भुरभुरवून गरम केली की अक्षर फुगून चमकतं. पण त्याला हीट गन लागते. हेअर ड्रायरनं पावडर वितळत नाही, फक्त घरभर उडते.

मंडईच्या बाजूला उतरलात की रविवार पेठ. कापडगंजातून कोरा मांजरपाट घ्या आणि बोहरी आळीतून सुतळी, बटर पेपर, पुड्या. आळीत शनिवारी संध्याकाळी जाणं म्हणजे पीएमटीच्या जुन्या बसमध्ये मागच्या दारानं चढण्यासारखं, तेव्हा हे दुपारीच उरका. मांजरपाटाच्या वीतभर पिशव्या आमच्या गल्लीतल्या शिंपिणीनं शिवून दिल्या. त्यांच्यावर मी आजीच्या रांगोळीतलं कमळ उठवलं. त्याचा दुसरा, जरा मोठा शिक्का केला होता. कापडावर बारीक अक्षरं बसत नाहीत, जाड आकारच हवा. रंगात शिक्का बुडवायचा नाही. स्पंजच्या तुकड्यानं रंग त्यावर टिपायचा. पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली की रंग पक्का. मेतकूट आत बटर पेपरात. शाईचा पदार्थाशी संबंध येता कामा नये, हे वेगळं सांगायला नको.

आणि छापताना ठोकू नका! बँकेतल्या कारकुनानं आपल्याला ती वाईट सवय लावली आहे. कागदाखाली जुना माऊसपॅड ठेवा, शिक्का सरळ टेकवा, दोन्ही हातांनी दाबा आणि सरळ वर उचला. हलवलात की अक्षराला सावली येते. काम झालं की ओल्या फडक्यानं पुसा. नेलपॉलिश रिमूव्हरनं नको, रबर खराब होतं.

हिशेब? खरं सांगते, वेळ धरला तर मेणबत्तीपेक्षा स्वस्त पडलं नाही. दोन शनिवार गेले, एका रात्री चुलत भावंडांची फौज बसवावी लागली. पण ती रात्र फुकट नाही गेली. लहानपणी शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे काढल्यावर आम्ही सगळे एका टेबलाभोवती असे बसलोच नव्हतो.

आजीला आम्ही शेवटी दाखवायचं ठरवलं होतं. ती मध्येच पाणी प्यायला उठली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. टॅग उचलून लांब धरला, चष्म्यातून पाहिला. ‘हे माझं अक्षर,’ म्हणाली. मग खुर्ची ओढली. शिक्का दोन्ही हातांत धरून दाबला. हात थरथरत होता, पण शिक्का कागदाला टेकला की ठसा जागेवर उमटत होता. तिनं बावीस टॅग केले. एक उलटा पडला. तो मी बाजूला ठेवणार होते, तर म्हणाली, ‘तो कमलला द्या, ती नाहीतरी सगळं उलटंच वाचते.’

दोन्ही शिक्के आता तिच्याच फणीच्या डब्यात असतात. परवा पेपरवाल्याच्या बिलावर, रकमेच्या बरोबर खाली, विटकरी रंगात छापलेलं होतं, ‘मीठ चवीपुरते’. त्यानं कारण विचारलं, तर म्हणे, ‘आकडा जास्त झालाय.’