कुकरच्या शिट्ट्या

आमच्याकडे कॅसेटींचं एक कपाट होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तोपर्यंत होतं. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क पिशवीत घालून मी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेली. कॅसेटी राहिल्या खालच्या कप्प्यात. पाणी उतरल्यावर बघितलं तर प्रत्येक खोक्यात चिखल. १८४ कॅसेटी टाकून द्याव्या लागल्या. त्या वेळी मला फारसं वाईट वाटलं नाही, हे आज खरं सांगते. वाटलं, सगळं डिस्कवर आहेच की!

ह्यांना नाट्यसंगीताचा भारी नाद. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं, तिथे रात्रभर बसायचे (मी आपली दहालाच घरी). रेडिओवरचं, मित्रांकडचं, जमेल ते टेप करायचे. शिवाय स्वतः गायचे, पेटी घेऊन, घरातल्या घरात. आवाज काही फार मोठा नव्हता, पण सुरात. त्या घरच्या गाण्याच्या सहा कॅसेटी होत्या. हिरव्या शाईत लिहिलेलं, 'घरचं गाणं – १' ते '६'.

मी निवृत्त झाल्यावर ह्यांनीच हट्ट धरला, की हे सगळं कॉम्प्युटरवर घे. डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला, आणि ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. ह्यात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते. मधे फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. शाळेत तपासायचे गठ्ठे असायचे, तसंच हे. तीन वर्षं पुरलं.

सुरुवातीला मी एमपीथ्री करत होते, कारण मिनिटाला साधारण एक एमबी एवढीच जागा लागायची. नंतर नातवाने समजावलं, की एमपीथ्री कानाला जाणवणार नाही असं त्याला वाटतं ते काढून टाकतं, आणि एकदा काढलेलं परत येत नाही. वेव्ह फाइलमध्ये सगळं राहतं, पण मिनिटाला दहा एमबी. मधला मार्ग फ्लॅक, काहीही न गमावता जवळपास निम्म्या जागेत. मग पहिल्या चाळीस कॅसेटी पुन्हा घेतल्या! सगळं मिळून शंभर जीबीच्या आतच बसलं.

आता घरात रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर आहे, त्याला डिस्क जोडलेली, त्यावर जेलीफिन. स्वयंपाकघरात फोनवर लावा, हॉलमध्ये टीव्हीवर लावा. गाणी घरातच असल्यामुळे इंटरनेट गेलं तरी अडत नाही, वायफायचा डबा चालू असला म्हणजे झालं. रोज रात्री दोन वाजता सगळं दुसऱ्या डिस्कवर आपोआप जातं. तिसरी डिस्क लेकीकडे पुण्याला. ती दिवाळीत आणि मे महिन्यात आली की तिच्यावरही चढवायचं. एक पुरात गेली तर दुसरी, दोन्ही गेल्या तर पुण्याची. मी निर्धास्त.

ह्यांना जाऊन २०२५ मध्ये दहा वर्षं झाली. त्या निमित्ताने घरच्या गाण्याचं नीटनेटकं काहीतरी करून सगळ्या नातेवाइकांना पाठवावं असं मनात आलं. फेब्रुवारीत बसले. फितीची खरखर कमी करायला ऑडॅसिटीत सोय आहे, नुसत्या खरखरीचा तुकडा दाखवायचा, मग ते तेवढं वजा करतं. जास्त केलं की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं, म्हणून बेताने केलं. आणि मग मधलं मधलं कापलं. पेटीची शोधाशोध, खोकला, रिक्षाचा आवाज, माझं स्वयंपाकघरातून ओरडणं, कुकरच्या शिट्ट्या. उरलं फक्त गाणं. स्वच्छ! त्याच नावाने सेव्ह केलं. शुद्धलेखन तपासून चुका खोडल्यासारखं समाधान वाटलं.

रात्री दोन वाजता ते दुसऱ्या डिस्कवर गेलं. मे महिन्यात पुण्याच्या डिस्कवर.

गौरींच्या दिवसांत लेकीचा फोन. "आई, चौथ्या कॅसेटमध्ये बाबा मला ओरडतात ना, पेटीवर पाय देऊ नकोस म्हणून, ती जागा कुठे गेली? मुलाला ऐकवायची होती."

मी काय सांगणार? मी ती कापली होती. तिन्ही डिस्कवर शोधलं. तिन्हींवर सारखंच स्वच्छ गाणं. नातू म्हणाला, "आजी, ही कॉपी नाही, आरसा आहे. तू जे करशील तेच तो करतो. चूकसुद्धा." एवढं साधं, पण आधी कोणी बोललं नव्हतं. किंवा बोललं असेल, मी ऐकलं नसेल.

चार दिवस जेवण गेलं नाही. मग आठवलं, २०१२ साली बेळगावच्या भाऊजींच्या साठीला घरच्या गाण्याची डीव्हीडी दिली होती, ती एमपीथ्रीचीच. भाऊजींनी ती शोकेसमध्ये ठेवलेली, रोज दुपारचं ऊन खात. "वहिनी, अजून वाजते का बघा," म्हणून ते स्वतः घेऊन आले. लॅपटॉपला डीव्हीडीचं भोकच नाही, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणावा लागला. घरी लिहिलेल्या डिस्कचा रंग उन्हाने आणि उष्णतेने उडतो. चौथ्या कॅसेटची पहिली बाजू उतरली. दुसरी नाही. नातवाने तीन ड्राइव्हवर घालून बघितली.

पहिल्या बाजूत एकतीस मिनिटं आहेत. मधेच तान अर्धवट सोडून हे म्हणतात, "अगं, तिसरी झाली, गॅस बंद कर." आणि मी आतून, "दोनच झाल्यात, गा तुम्ही." मग हसतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. तंबोऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा झालाय. असू दे.

लेकीची जागा दुसऱ्या बाजूला होती.

आता नातवाने व्यवस्था बदलली आहे. बदललेली फाइल जुनीवर चढत नाही, जुनीही वर्षभर राहते. मीही मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि तिला हात लावत नाही.

तर नातेवाइकांनो, हे सगळं लिहिण्याचं कारण असं. १९८८ च्या आसपास ह्यांनी ह्या कॅसेटींच्या कॉपी काढून दोघा-तिघांना दिल्या होत्या. कोणाला ते नक्की आठवत नाही. माळ्यावर, ट्रंकेत बघा. हिरव्या शाईत 'घरचं गाणं – ४' असेल. सापडली तर लावून बघू नका. फितीवर बुरशी असेल तर एकदा लावण्यातच ती जाते. तशीच कोरड्या डब्यात ठेवून मला कळवा. कोणीतरी येऊन घेऊन जाईल, कुरियर नको. डेक अजून चालतो, बेल्ट बदलून घेतलाय.